भेगेसमोर बसू या

घरातली एक भेग निवडा. गच्चीवरची, छताची किंवा पोर्चच्या कोब्यातली, कुठलीही चालेल. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसा. हातात पुट्टीचं पातं नको, फोनमध्ये रंगाऱ्याचा नंबर शोधणं नको. थोडा वेळ फक्त तिच्याकडे पाहायचं आहे.

एक अट आहे. भेग कॉलममध्ये उभी फुटलेली असेल, बीमच्या टोकाशी तिरकी चढत गेलेली असेल, स्लॅब खाली झुकलेला दिसत असेल, काँक्रीटचे तुकडे सुटून पडत असतील किंवा परवापर्यंत नीट लागणारं दार अचानक अडकायला लागलं असेल, तर बसू नका. त्या खोलीतून माणसं बाहेर काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला आजच बोलवा. त्या भेगेला मनन नको, टेकू हवा. आपण बसणार आहोत ते बाकीच्या भेगांसमोर, आणि घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक भेगा या बाकीच्यांतल्याच असतात.

आता पाहा. ती निघते कुठून? खिडकीच्या कोपऱ्यातून, की स्लॅबच्या मधोमध कुठूनतरी? एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला विरत गेलेली आहे, की सगळीकडे सारखी? तिच्यावर बोट आडवं ठेवा, भेगेला काटकोनात. बोट ज्या दिशेला आहे त्या दिशेने इथलं काँक्रीट ओढलं गेलं. काँक्रीट दाबानं सहसा तडकत नाही, ते ओढीनं तडकतं. दाब सोसायची त्याची जितकी ताकद, तिच्या जेमतेम एक दशांश ताकद ओढ सोसायची. म्हणून पहिला प्रश्न ‘हे कच्चं होतं का?’ असा विचारू नका. ‘याला कुणी ओढलं, आणि कुणी धरून ठेवलं?’ असा विचारा. आजच्या सगळ्या बसण्यात हा एकच प्रश्न आपल्याबरोबर राहू दे.

रुंदी मोजायला साधा छपाईचा कागद पुरतो. एक कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो. तीन कागद एकत्र धरून भेगेत जातात का, पाहा. अलगद जात असतील तर भेग 0.3 मिलिमीटरच्या पुढे आहे. हा आकडा मनाने घेतलेला नाही. काँक्रीटच्या बांधकामाची आपली मुख्य भारतीय संहिता आयएस 456, तिने सर्वसाधारण ठिकाणी 0.3 मिलिमीटरपर्यंतची भेग चालते असं म्हटलं आहे. सतत ओल किंवा मातीशी संबंध असेल तिथे 0.2, आणि हवापाणी फारच वाईट असेल तिथे 0.1.

या गोष्टीपाशी जरा थांबा. भेग पडणारच, हे संहितेनं धरलेलं आहे. बीमच्या खालच्या अंगाला ओढ असते. ती घ्यायला आपण तिथे गज घालतो. पण भोवतालचं काँक्रीट अखंड आहे तोवर गजाच्या वाट्याला फार थोडा भार येतो. काँक्रीट सूक्ष्म तडकतं तेव्हा गज खऱ्या अर्थानं कामाला लागतो. आपल्या डोक्यावरच्या बीममध्ये, वर्षानुवर्षं निर्धोक उभ्या असलेल्या बीममध्ये, डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा भेगा आहेत. पहिली भीती इथे खाली ठेवायला हरकत नाही.

आता मागे जाऊ, स्लॅब टाकला त्या दिवसाकडे.

आपल्याकडे घरांचे किती तरी स्लॅब एप्रिल-मेमध्ये टाकले जातात. मृगाच्या आधी छत झालं पाहिजे, ही घाई खरी आहे, तिला नावं ठेवता येत नाहीत. पण काँक्रीटच्या दृष्टीनं वर्षातला सगळ्यात कठीण काळ तोच. सकाळचे अकरा वाजलेत. सेंटरिंगच्या प्लेटा तापल्यात, सळईला हात लावला तर चटका बसतो, वारा सुटलाय. घमेली वर येताहेत. मुकादम हाक मारतो, “साहेब, माल लई घट्ट येतोय. जरा पाणी सोडू का?”

त्याचं म्हणणं खोटं नसतं. घट्ट माल गजांच्या जाळीत शिरत नाही, खाली पोकळ्या राहतात, आणि स्लॅब उघडल्यावर त्या पोकळ्यांसाठी बोलणी त्यालाच खावी लागतात. तरीही या क्षणाकडे नीट लक्ष द्या, कारण पुढच्या कितीतरी भेगा इथे ठरतात. 50 किलोची सिमेंटची एक गोणी. पाणी-सिमेंट प्रमाण 0.5 धरलं तर तिला 25 लिटर पाणी, तेही वाळूतली ओल हिशेबात धरून. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं ते आपल्या वजनाच्या पावपटीहून थोडं कमीच, म्हणजे अकरा-बारा लिटर. बाकीचं काही त्याच्या अतिसूक्ष्म रंध्रांत अडकून राहतं आणि उरलेलं केवळ माल हलता राहावा म्हणून असतं. आता गोणीमागे दहा लिटरची एक बादली जास्त सोडली की प्रमाण 0.7 वर गेलं. ती बादली सिमेंटच्या काही कामाची नाही. ती आधी जागा अडवणार, मग महिनोन्महिने हळूहळू उडून जाणार आणि आपल्या जागी पोकळी ठेवून जाणार. ताकद घटली, आक्रसणं वाढलं. माल सैल करायचा तर त्यासाठी प्लास्टिसायझर आहे. गोणीमागे थोडंसं पुरतं आणि पाण्याचं माप हलत नाही. मुकादमाला ‘नाही’ म्हणताना त्याच्या हातात हे दुसरं साधन द्यायला हवं. नुसतं ‘नाही’ म्हणून साहेब खाली उतरले की बादली वर चढते.

माल पसरला, व्हायब्रेटर फिरला, पाटा मारून झाला. पुढचे काही तास डोळ्यांपुढे आणा. खडी आणि वाळू जड, त्या सावकाश खाली बसतात. पाणी हलकं, ते वर येतं. पृष्ठभागावर एक चकाकी दिसते. ती चकाकी आहे तोवर ठीक चाललंय. खालून पाणी येण्याचा वेग आणि वरून उडण्याचा वेग यांची ही शर्यत आहे. ऊन, कोरडी हवा आणि विशेषतः वारा यांनी मिळून चौरस मीटरमागे तासाला लिटरभर पाणी उडवायला सुरुवात केली की काँक्रीट हरतं. वरचा थर आक्रसू लागतो, खालचा अजून ओला आणि जागच्या जागी. वरच्याला खालच्यानं धरून ठेवलं. मऊ असतानाच तो फाटतो. गच्चीवर हात-दीड हात अंतरानं, एकमेकींना समांतर, तिरक्या, काठापर्यंत न पोचणाऱ्या भेगा दिसल्या तर त्या बहुधा या पहिल्या दुपारच्या असतात.

तुमची भेग सरळ आहे का? आणि तशीच दुसरी ठरावीक अंतरावर, नेमकी वरच्या गजांच्या रेषेत? मग गोष्ट थोडी वेगळी. माल खाली बसत होता, गजावरचा माल मात्र गजानं अडवला. दोन्ही बाजू खचल्या, मधे चीर पडली.

या दोन्ही भेगांचा इलाज त्याच दिवशी हातात असतो आणि तो जवळजवळ फुकट आहे. ऊन कलल्यावर काम सुरू करावं. प्लेटा आणि गज आधी पाण्यानं थंड करून घ्यावेत, पण पाणी साचू देऊ नये. वाऱ्याच्या बाजूला आडोसा बांधावा. पाटा मारून झाला की लगेच प्लास्टिकचा कागद अंथरावा. आणि माल घट्ट होण्याआधी भेग दिसली तर तिथे पुन्हा थापी चालवावी, गरज पडली तर व्हायब्रेटरही, की ती मिटते. दोन तासांनी हेच काम होत नाही. त्या दोन तासांत गच्चीवर कुणीतरी थांबलेलं असायला हवं, एवढीच अडचण आहे. बहुतेक वेळा मंडळी जेवायला खाली गेलेली असतात.

आता पाठ टेकवा आणि एक कल्पना करा. दहा मीटर लांबीची काँक्रीटची पट्टी, खाली काही न धरणारा, पूर्ण सरकता पृष्ठभाग. ती वाळते आहे. महिने जातात, वर्षं जातात. आयएस 456 मधला आक्रसण्याचा ढोबळ आकडा 0.0003 घेतला तर ती शेवटी तीन मिलिमीटरनं आखूड होते. तडकते का? नाही. एकही भेग नाही. ती मोकळी होती, आखूड झाली, संपलं.

आता तिची दोन्ही टोकं धरून ठेवा, जशी स्लॅबची टोकं बीम आणि कॉलमांनी धरलेली असतात. तिला तीन मिलिमीटर आखूड व्हायचंय आणि होऊ दिलं जात नाही. म्हणजे तिला तेवढं ताणल्यासारखंच झालं. दहा मीटरचं काँक्रीट न तुटता ताणलं जाऊ शकतं ते एक-दीड मिलिमीटर. उरलेली भेग आहे.

आता पुन्हा तुमच्या समोरच्या भेगेकडे पाहा. तिच्या रुंदीइतकीच एक हालचाल इथे अडवली गेली होती.

पण या गणितात काळ धरलेला नाही. काँक्रीटला एक गुण आहे, इंजिनीअर त्याला क्रीप म्हणतात. सतत ताण राहिला तर ते अगदी सावकाश सैलावतं, ताणाला थोडी जागा करून देतं. म्हणून तेच तीन मिलिमीटर चार आठवड्यांत आले तर भेग पडते, आणि तीन वर्षांत विभागून आले तर पुष्कळदा पडत नाही, पडली तरी केसभर पडते. पाणी मारण्याचा अर्थ इथे उलगडतो. क्युरिंगमुळे आक्रसणं टळत नाही. ते पुढे ढकललं जातं, काँक्रीटच्या अंगात ओढ सोसण्याइतकं बळ येईपर्यंत. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लायअॅश मिसळलेल्या पीपीसीला किंवा कोरड्या कडक उन्हात किमान दहा, आणि जमलं तर चौदा. आज आपल्या घरांना बहुतेक पीपीसीच वापरलं जातं, आणि तरीही ‘सात दिवस पाणी मारलं’ हे समाधानानं सांगितलं जातं.

मला याबद्दल फार वाटतं, कारण मेमध्ये हे पाणी कुठून येतं ते सगळ्यांना माहीत आहे. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर आळी घालून दोन इंच पाणी उभं करायचं तर साडेचार-पाच हजार लिटर लागतं, म्हणजे एक टँकर. रोज सेंटिमीटरभर उडालं तरी नऊशे लिटरची भर घालावी लागते. जिथे प्यायचं पाणी टँकरनं येतं तिथे हे सांगायला जीभ धजत नाही. मग सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडणं सुरू होतं, आणि दुपारी स्लॅब कोरडा ठणठणीत. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं, हा प्रकार चांगला नाही. पाणी कमी असेल तिथे आळी नकोतच. ओलं गोणपाट अंथरा, त्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट दाबून बसवा, कडांना विटा ठेवा. पाणी उडायला वाटच राहिली नाही की थोडक्यात भागतं. कॉलमांनाही तसंच गुंडाळावं. कॉलमवर मारलेलं पाणी उभ्या उभ्या ओघळून जातं आणि कुणाच्याच हिशेबात राहत नाही. शिवाय हे काम नेमकं कुणाचं, ते करारात कुठे लिहिलेलं नसतं. बांधकामावर राहणाऱ्या वॉचमनच्या कुटुंबातलं कुणीतरी ते सकाळी उठून करतं. त्या दहा दिवसांची मजुरी वेगळी ठरवून द्या. इमारतीच्या आयुष्यात इतक्या थोड्या पैशांत इतकं दुसरं काही मिळत नाही.

आणि जिथे आक्रसणं टाळताच येत नाही, तिथे भेगेला आपणच जागा आखून द्यायची. काँक्रीटच्या रस्त्यावर दर चार-पाच मीटरला आडवी खाच दिसते ती हीच. माल टाकल्यावर काही तासांत, पाव जाडीइतकी खोल कापलेली. भेग पडायची ती त्या खाचेखाली सरळ पडते, वर डांबरी किंवा सिलिकॉनचं भरण बसतं. अंगणातल्या कोब्यालाही अशा खाचा हव्यात. 45 मीटरहून लांब इमारतीला मधे सांधा सोडावा, असं संहिता सांगते. या सांध्यांवरून लोक फरशी किंवा प्लास्टर सलग ओढून घेतात आणि वर्षभरात तिथेच चीर पडली म्हणून हळहळतात.

तुमची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली असेल, तर आता कोपऱ्याकडेच बघत राहा. भिंतीचा किंवा स्लॅबचा आकार जिथे एकदम बदलतो तिथे ताण साठतो. आतल्या कोपऱ्यात तो आजूबाजूच्या दुप्पट-तिप्पटही होतो. भार सगळीकडे सारखा असला तरी भेग कोपऱ्यालाच पडते.

कोयना धरण मनात आणा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सुमारे 6.5 तीव्रतेच्या भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं गेली. 103 मीटर उंचीचं धरण मात्र उभं राहिलं आणि त्यानं पाणी राखलं. पण सांडव्याखेरीजच्या उंच भागांत काही ठिकाणी आडव्या भेगा पडल्या. तळाशी, जिथे सगळ्यात जास्त वजन आहे, तिथे नव्हे. त्या पडल्या माथ्यापासून सुमारे 36 मीटर खाली, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. एवढा प्रचंड दगड-काँक्रीटचा देह, आणि भेगेनं निवडली ती आकार मोडल्याची जागा. खिडकीचा कोपरा आणि कोयनेचा तो उतार यांना नियम एकच लागू आहे. पुढे तिथे काय केलं तेही पाहण्याजोगं आहे. भेगांमध्ये इपॉक्सी दाबानं भरलं, पोलादी केबलींनी वरचा भाग खालच्याशी ताणून बांधला आणि नंतर मागच्या बाजूला काँक्रीटचे टेकू देऊन तो आकारच बदलला. नुसती भेग बुजवून ते थांबले नाहीत. घरात हेच लहान प्रमाणात करायचं असतं. स्लॅबमधल्या चौकाच्या कोपऱ्यांवर 45 अंशात दोन जादा गज, विटांच्या भिंतीला खिडकीखाली काँक्रीटचा पट्टा, आणि वीट व कॉलम मिळतात तिथे प्लास्टरआधी जाळी.

आता जरा अवघड भेग. ती गजाच्या रेषेत सरळ धावते, कडेला तपकिरी डाग आहे, ठोकल्यावर आवाज पोकळ येतो. वांद्र्यापासून रत्नागिरीपर्यंत, पणजीपासून मालवणपर्यंत कुठेही राहत असाल तर ही तुम्हाला ओळखीची असेल. हिची ओढ आतून आली आहे. ताज्या काँक्रीटमधला अल्कधर्म इतका तीव्र असतो, पीएच साडेबारा-तेरा, की त्यात गजावर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि गंज लागत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत हा अल्कधर्म मोडतो, आणि समुद्राच्या हवेतले क्षार तर तो थर थेट भेदतात. गंज पोलादाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. गज फुगतो, काँक्रीट फुटतं, फुटलेल्यातून आणखी पाणी आणि हवा आत. 5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. तो उभारून वीस वर्षंही झालेली नव्हती, आणि आतल्या ताणलेल्या केबली गंजल्या होत्या.

या गंजाला रोखून धरतं ते गजावरचं काँक्रीटचं आवरण. दिसायला इवलंसं, पण समुद्राकाठी ते 45 मिलिमीटर हवं. हे आवरण राखायला गजाखाली ठेवतात तो कव्हर ब्लॉक चुकीचा असणं, किंवा ब्लॉकऐवजी गजाखाली सारलेली खडी, म्हणजे वीस वर्षांनंतरची भेग आजच ठरवून टाकणं. आणि अशा भेगेवर पुट्टी घासून रंग देणं, दिवाळीआधी किंवा फ्लॅट विकायच्या आधी, याला मी सरळ अन्याय म्हणेन, त्या घरात पुढे झोपणाऱ्या माणसांवर. इथे काँक्रीट गजाच्या मागेही बोटभर जाईपर्यंत फोडावं लागतं, गज उजळ होईपर्यंत घासावा लागतो, बराच झिजला असेल तर जोड द्यावा लागतो, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. अर्धवट सोडलं तर दुरुस्तीच्या अगदी कडेला नवा गंज सुरू होतो. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांना 30 वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिटचा नियम आहे तो यासाठीच. संस्थेच्या ज्या सभेत हा विषय असेल त्या सभेला जा.

शेवटचं पाहणं काही महिन्यांचं आहे. पेन्सिल घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारा, शेजारी तारीख आणि कागदांनी मोजलेली रुंदी लिहा. मधे प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक ठिपका लावा. तो ठिसूळ असतो, भेग हलली की तडकतो. मेमधल्या दुपारी पाहा, श्रावणात पाहा, थंडीतल्या पहाटे पाहा. उन्हात तापणारा दहा मीटरचा स्लॅब 30 अंशांच्या फरकानं तीन मिलिमीटर लांबतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर छत आणि भिंत मिळते तिथली आडवी भेग बहुधा या रोजच्या ये-जा करण्याची असते. तिच्यात सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात ती शेजारी उघडेल. तिथे लवचीक पॉलियुरेथेनचं भरण हवं, आणि गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा लेप.

ठिपका सहा-आठ महिने शाबूत राहिला, टोकं पेन्सिलच्या रेघेपुढे गेली नाहीत, तर भेग थांबली आहे. भार घेणाऱ्या भागात असेल तर जाणकाराकडून पातळ इपॉक्सी दाबानं भरून घ्या, दोन्ही काठ पुन्हा एकजीव होतात. प्लास्टरपुरती असेल तर व्ही आकाराची खाच काढून पॉलिमर मॉर्टर पुरे. पाण्याच्या टाकीतली केसभेग असेल तर आणखी थोडं थांबून बघा. नव्या टाक्या पहिले काही दिवस पाझरतात आणि पुष्कळदा आपोआप थांबतात, कारण काँक्रीटमधला चुना पाण्यातून बाहेर येऊन भेगेतच धरतो, पांढरा आणि घट्ट.

आणि दुरुस्ती करणारा घरी आला की त्याला या तारखा दाखवा. त्यानं आधी भेग कशानं पडली हे विचारलं, ठिपका पाहिला, हातोडीनं ठोकून ऐकलं, तर त्याला काम द्या. जिन्यातूनच रनिंग फुटाचा भाव सांगत आला, तर चहा पाजून दुसरा शोधा.